दिग्रस, आर्णी, दारव्हा आणि टूलकिटची निवड

पांढरकवड्याच्या किंवा वणीच्या जिनिंगमध्ये कापसाची गाडी काट्यावर आली, की ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन आणि भाव टाकून पावती काढतात. असा प्रोग्राम लिहायला घेताना पहिला निर्णय टूलकिटचा करावा लागतो, म्हणजे खिडक्या, बटणं आणि रकाने पडद्यावर कोण आणून देणार याचा.

नेटिव्ह टूलकिट ऑपरेटिंग सिस्टिमचेच घटक वापरतं. विंडोजवर विनफॉर्म्स घेतलं, तर मराठी कीबोर्ड, प्रिंटर आणि दृष्टिहीनांसाठीचा स्क्रीन रीडर यांच्याशी जुळवून घेण्याचं बरंचसं काम आधीच झालेलं असतं. पण तोच प्रोग्राम उद्या लिनक्सवर हवा असेल, तर खिडक्या पुन्हा लिहाव्या लागतात.

यातून सुटायला क्रॉस-प्लॅटफॉर्म टूलकिट वेगवेगळ्या वाटा धरतात. 1992 साली एडिंबरा विद्यापीठात सुरू झालेलं डब्ल्यूएक्सविजेट्स त्या त्या सिस्टिमचीच बटणं वापरतं. 1995 साली नॉर्वेतून आलेलं क्यूट ती स्वतः रंगवतं, पण सिस्टिमच्या बटणांसारखी दिसतील अशी. 2013 मधलं इलेक्ट्रॉन प्रत्येक प्रोग्रामसोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर देतं. चार जीबी मेमरीच्या मशीनवर असे दोन-तीन प्रोग्राम उघडले, की काम रेंगाळतं.

मराठीची खरी परीक्षा याच्याही पुढे आहे. ‘दिग्रस’ हे गावाचं नाव साठवताना आधी द आणि मग वेलांटी येते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ‘आर्णी’तल्या र चा रफार होऊन तो वर चढतो, ‘दारव्हा’त व आणि ह जुळतात, ‘शेतकऱ्याचे’ मध्ये र अर्धा होतो. फाँटमधले नियम वाचून ही जुळणी करायला वेगळी यंत्रणा लागते. विंडोज 2000 पासून युनिस्क्राइब ते काम देवनागरीसाठी करू लागलं. क्यूट आणि क्रोमियम त्यासाठी हार्फबझ वापरतात. अक्षरं स्वतः रंगवणाऱ्या काही छोट्या टूलकिटमध्ये मूळ स्वरूपात ही यंत्रणाच नसते. डिअर इमगुई त्यातलंच. इंग्रजीत देखणा दिसणारा प्रोग्राम अशा ठिकाणी मराठीत मोडून पडतो, आणि स्वतःच्या गावाचं नाव चुकीचं छापलेली पावती शेतकऱ्याच्या हातात जाते. मला हे अजिबात चालण्यासारखं वाटत नाही.

म्हणून आधी एक रकाना आणि एक बटण एवढीच खिडकी बनवावी. त्यात हे चार शब्द टाइप करावेत, मधलं एखादं अक्षर खोडून पुन्हा लिहावं, कर्सर जोडाक्षरात अडखळतो का ते पाहावं आणि पावती छापावी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असेल तर मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो, तेही इथेच तपासून होतं.

सगळी मशीन विंडोजची असतील, तर जिनिंगसाठी मी नेटिव्हच घेईन. सी-डॅकचं बॉस लिनक्स वापरणारं कार्यालय किंवा शाळाही डोळ्यांसमोर असेल, तर क्यूट. इलेक्ट्रॉनचा विचार मशीन नवी असतील आणि वेबसाइट लिहिणारी टीमच हे काम सांभाळणार असेल तरच करावा. चाचणी मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर उरकू नका. जिनिंगच्या ऑफिसातल्या सर्वांत जुन्या कॉम्प्युटरवर घ्या.