सैनिकाचे मौन आणि लष्करी न्याय

लष्कराचा सारा डोलारा आज्ञापालनावर उभा आहे. वरिष्ठाने विचारावे आणि जवानाने तत्काळ उत्तर द्यावे, हे भरतीच्या दिवसापासून त्याच्या अंगी बाणविलेले असते. त्यामुळे ‘ही चोरी तू केलीस काय?’ हा अधिकाऱ्याचा प्रश्नही त्याला हुकूमच वाटतो.

आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही, असे भारतीय संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. अनुच्छेद ३३ अन्वये सैन्यदलांपुरती मूलभूत हक्कांना मुरड घालण्याचा अधिकार संसदेस आहे. सेना अधिनियम, १९५० च्या कलम २१ मध्ये संघटना, सभा-निदर्शने व वृत्तपत्रांशी संपर्क यांवरील निर्बंधांची तरतूद आहे. मौनाच्या हक्काचा उल्लेख तेथे नाही.

उलट, सेना नियम, १९५४ त्या हक्काची बूज राखतात. कोर्ट मार्शलपूर्वी साक्षीपुराव्याचा सारांश लिहिला जातो, तेव्हा नियम २३ प्रमाणे आरोपीस बजवावे लागते की, निवेदन करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. केल्यास ते लिहून घेतले जाईल व पुराव्यात येऊ शकेल.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीची गोष्ट निराळी. ती दोषनिर्णय करीत नाही. भांडारात तूट कशी आली, अपघात कसा घडला, याची माहिती गोळा करते. तेथे जवानाच्या तोंडून अडचणीत आणणारे उत्तर वा कबुली गेली, तरी नियम १८२ अन्वये ती पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जाणूनबुजून खोटी साक्ष दिल्याचा खटला एवढाच त्यास अपवाद. येथे संरक्षण आहे ते मौनाला नव्हे, दिलेल्या उत्तराला. सुट्टीवर आलेल्या जवानास व त्याच्या घरच्यांस हा भेद समजावून सांगण्याजोगा आहे.

खरी अडचण या दोहोंबाहेरच्या कबुलीची. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही; पण कंपनी कमांडर हा पोलीस नव्हे. त्याच्यापुढील कबुली धाक, आमिष वा आश्वासनाने मिळविलेली असेल, तरच ती बाद ठरते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ कोर्ट मार्शलनाही लागू आहे, आणि त्यातही हेच तत्त्व आहे. परंतु हुद्द्याचा धाक सिद्ध करावा कसा? अमेरिकेच्या लष्करी संहितेने १९५१ पासूनच, संशयितास प्रश्न विचारण्यापूर्वी मौनाच्या हक्काची समज देण्याचे बंधन वरिष्ठांवरही घातले. तेथील मुलकी पोलिसांवर तसे बंधन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने आले ते १९६६ मध्ये.

आपल्याकडे अशा कबुलीस हरकत घ्यावयाची ती कोर्ट मार्शलपुढे. समरी कोर्ट मार्शलमध्येही नियम १२९ अन्वये आरोपीस वकील वा अन्य साहाय्यक जवळ ठेवता येतो. तो सल्ला देऊ शकतो, प्रश्न सुचवू शकतो, मात्र न्यायालयापुढे बोलू शकत नाही.