परसांतील टोमॅटो व चुकीच्या नांवाचें बियाणें

टोमॅटोचें नुसतें बी पाहून त्याची जात सांगणारा मनुष्य अद्यापि आमच्या पाहण्यांत नाहीं. चपट्या, किंचित् कंगोरेदार फळांची ‘पुसा रुबी’ आणि लांबट, घट्ट फळांची ‘पंजाब छुहारा’ यांचीं फळें लहान मूलही निराळीं काढील. पण बी दोहोंचें सारखेंच बारीक, चपटें व लवदार. म्हणून सर्व भिस्त पाकिटावरील नांवावर, अथवा रोपवाटिकेंतील ट्रेला खोंचलेल्या चिठ्ठीवर राहते.

परसांत दहा रोपें चुकलीं म्हणून काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. परंतु आपणांपैकीं पुष्कळ बागाईतदार नवी जात आधीं परसांत लावून पाहतात व तिच्या भरंवशावर पुढील हंगामीं एकर दोन एकरांचें बियाणें घेतात. परसांतील नांव खोटें असेल तर पसंती एका जातीस दिली जाते आणि पैसा दुसरीवर पडतो.

दुसरें नुकसान निगराणींत होतें. कांहीं जाती बुटक्या, म्हणजे मर्यादित वाढीच्या. कांहीं उंच वाढत जाणाऱ्या. उंच जातीस काठीचा आधार देऊन बगलेंतील फूट खुडतात. तीच खुडणी बुटक्या जातीवर केली तर फळ धरणाऱ्या फांद्याच जातात. यास्तव, चिठ्ठी कांहींही म्हणो, फुलांचे दोन तीन घोस दिसेपर्यंत खुडणी करूं नये. दोन घोसांमध्यें बहुधा तीन पानें येऊन शेंडा वर धांवत असेल तर जात उंच समजावी; एक दोन पानांवर घोस येऊन शेवटीं शेंड्यासच फूल आलें तर बुटकी.

चूक कोठें झाली हेंही झाडेंच सांगतात. दहांपैकीं नऊ सारखीं व एक निराळें असेल, तर बी किंवा रोप मिसळलें. दहाही एकमेकांसारखीं, पण नांवाप्रमाणें एकही नाहीं, तर चिठ्ठीच चुकली. प्रत्येक झाडाची तऱ्हा वेगळी असेल, तर संकरित वाणाच्या फळांतील बी धरून त्याच नांवानें विकल्याचा संशय घ्यावा. कारण संकरिताची दुसरी पिढी एकसारखी राहत नाहीं. शेजारच्या बागेचा पराग उडून आला, ही सबब मात्र ऐकूं नये. टोमॅटोचें फूल बहुतांशीं आपल्याच परागानें फळतें. परका पराग पडलाच तरी फरक त्या बियांच्या पुढील पिढींत दिसेल, यंदाच्या फळांत नव्हे. प्रस्तुत लेखकास एका रोपवाटिकेंतून ‘बुटकी’ म्हणून मिळालेलीं बारा रोपें छातीएवढीं वाढलीं, बाराही एकसारखीं. विचारतां उत्तर आलें, “खत जास्त झालें असेल.” खतानें झाड माजतें, जात बदलत नाहीं.

टोमॅटोच्या प्रमाणित बियाण्यास किमान ७० टक्के उगवण व ९८ टक्के भौतिक शुद्धता ठरली आहे. हे आंकडे वाचून पुष्कळांस समाधान वाटतें. पण उगवण म्हणजे बी जिवंत, आणि ही शुद्धता म्हणजे त्यांत कचरा व इतर बी फारसें नाहीं; जात तीच, असा दाखला यांत नाहीं. प्रमाणित बियाण्याच्या निळ्या चिठ्ठीमागें निदान पिकाची शेतांत झालेली तपासणी असते. उत्पादकानें स्वतः लावलेल्या हिरव्या चिठ्ठीमागें त्याचाच शब्द.

जमीन एक व उतारा दुसरा असला म्हणजे मोजणीवांचून तंटा मिटत नाहीं, हें तलाठ्याच्या दप्तराशीं ज्याचा संबंध आला त्यास सांगणें नको. तसेंच येथें. पावती, रिकामें पाकीट व चिमूटभर बी जपून ठेवावें. झाडें उपटण्यापूर्वीं तारखेसह छायाचित्रें घ्यावीं व कृषि खात्याकडे लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा. बियाणें घेणारा शेतकरी हा कायद्यानें ग्राहकच होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणांत ठरविलें आहे.

कधीं चुकून आलेलें झाडच उत्तम निघतें. तें संकरित नसेल तर त्यास दोरा बांधून ठेवावा, पूर्ण पिकलेल्या फळाचें बी त्याच्याच रसांत दोन तीन दिवस आंबवून, धुऊन सावलींत वाळवावें. पाकिटावर मात्र दुकानाचें नांव लिहूं नये. ‘परसांतील उंच, गोल फळाचें’ एवढें व साल लिहावें.