चाकामागचं चाक : वारा कोणी खायचा?

रस्त्यावरच्या सायकल शर्यतीतला एकच प्रश्न आज आपण घेणार आहोत. पुढे राहून वारा कोणी खायचा? प्रश्न साधा दिसतो. पण रविवारी पहाटे चार-पाच जणांबरोबर लांबच्या राइडला जाणाऱ्या प्रत्येकाला तो भेटलेला असतो, आणि त्यावरून मनात अढीही बसते. न्याय म्हणजे समान वाटणी का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे पायडलवर येऊन बसतो.

आधी वाऱ्याचं गणित बघू. सपाट रस्त्यावर ताशी ३५-४० किलोमीटरने जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणजे काय, तर वेग २० वरून ४० केला, की हवेसाठी लागणारी शक्ती आठपट होते. ३० वरून ३३ केला, नुसता दहा टक्के वाढवला, तरी ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. म्हणून भारी पैसे मोजून घेतलेली हलकी सायकल सपाटीवर अपेक्षेइतका फरक दाखवत नाही. वजनाचा हिशोब चढावर होतो, सपाटीवरचा हिशोब वाऱ्याचा.

यावर उपाय एकच मोठा : दुसऱ्याचा आडोसा. पुढच्या चाकामागे जवळ राहिलं, की मागच्याचे कष्ट ठळकपणे कमी होतात. मोठ्या घोळक्यात, ज्याला पेलोटॉन म्हणतात, तर कमालच होते. २०१८ साली नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या संशोधकांनी १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा अभ्यास केला. आत खोलवर असलेल्यांवरचा हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या तुलनेत अवघा पाच ते दहा टक्के उरतो, असं त्यांना आढळलं.

आता पेच लक्षात घ्या. आडोसा मागच्याला मिळतो, पण तो तयार करणारा पुढे घाम गाळत असतो. समजा, शर्यतीत दोघे घोळक्यापासून सुटून पुढे निघाले. दोघांनी आळीपाळीने वारा खाल्ला तरच ते टिकणार. पण शेवटच्या किलोमीटरला जो ताजातवाना असेल तो जिंकणार. म्हणजे सहकार्य दोघांच्या हिताचं, आणि थोडी कुचराई प्रत्येकाच्या हिताची! मग दोघेही एकमेकांकडे बघत वेग कमी करतात आणि मागून घोळका येऊन दोघांना गिळतो. असं कितीतरी शर्यतींत घडतं.

कधीच पुढे न येणाऱ्याला आपल्याकडे आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतील. कांटची कसोटी इथे लावून बघू. माझा नियम सगळ्यांनी पाळला तर तो नियम उभा राहतो का? सगळ्यांनीच पुढे यायला नकार दिला तर आडोसाच उरत नाही. नियम स्वतःलाच खातो.

मग मागे बसणारा प्रत्येक जण दोषी का? नाही. शर्यतीचा रिवाज इथे आपल्यापेक्षा सूक्ष्म आहे. एखाद्याचा संघनायक मागच्या घोळक्यात असेल, तर पुढे सुटलेल्यांना मदत करायचं त्याच्यावर बंधन नाही, आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं. जो खरोखर थकला आहे त्यालाही सूट मिळते. राग येतो तो थकल्याचं नाटक करून शेवटी जोरात निघून जाणाऱ्याचा. म्हणजे आक्षेप आडोसा घेण्याला नाही, फसवणुकीला आहे.

दुसऱ्या टोकाला १९३४ ची टूर द फ्रान्स बघा. पिरेनीज पर्वतात फ्रेंच संघाचा नायक आंतोनँ मान्य याचं चाक मोडलं. विशीतल्या रने व्हिएतोने आपलं चाक काढून त्याला दिलं आणि स्वतः मदतीची वाट बघत बसला. पुढच्याच दिवशी मान्यसाठी तो उलटा मागे गेला आणि आपली सायकलच देऊन आला. मान्य जिंकला, व्हिएतो पाचवा आला. पण रस्त्याकडेला रडवेला बसलेल्या त्या मुलाचा फोटो आजही लोकांच्या लक्षात आहे. विजयाच्या यादीत नाव एकाचं लागतं, त्यामागचं ऋण यादीत मावत नाही.

आता आपल्या रविवारच्या राइडकडे येऊ. तिथे नायक नाही, करार नाही. मग वाटणी कशी करायची? प्रत्येकाने पाच-पाच मिनिटं पुढे राहायचं, हे न्याय्य वाटतं, पण नाही. तगड्याची पाच मिनिटं आणि नवख्याची पाच मिनिटं सारखी नसतात. चांगल्या ग्रुपचा नियम असा : तगड्याने जास्त *वेळ* पुढे राहावं, जास्त *वेगाने* नाही. पुढे आल्यावर लगेच वेग वाढवणारा मदत करत नसतो, तो ग्रुप फोडत असतो. ज्याच्यात दम नाही त्याने तीस सेकंद पुढे राहून बाजूला व्हावं, किंवा सरळ सांगून मागे राहावं. त्यात कमीपणा नाही. पाणी प्यायचं, चिक्की किंवा केळं खायचं ते मागे आल्यावर. भूक लागायची वाट बघू नये. आणि आपलं पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला शिरू देऊ नये. तो जरा वळला आणि चाकाला चाक लागलं, तर बहुधा मागचाच पडतो.

तर समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा सगळ्यांना सारखाच लागतो, पण तो झेलायची ताकद प्रत्येकाची निराळी. ज्याच्यात जेवढी, त्याने तेवढी द्यावी, आणि किती आहे ते खरं सांगावं. ही दुसरी अट पाळली नाही, तर पहिलीला अर्थ राहत नाही.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.