न पाठवलेल्या ईमेलमधून सुटणारे हुकूम

जर्मनीच्या परराष्ट्र मंत्रालयातले काही संगणक २०१७ चं जवळजवळ सगळं वर्ष दोन धन्यांची चाकरी करत होते. अधिकारी नेहमीसारखे आउटलुकमधून ईमेल पाठवत होते आणि त्याच आउटलुकमधून त्या ईमेलच्या प्रती परस्पर तिसऱ्याच पत्त्यावर रवाना होत होत्या. हे उद्योग ‘टुर्ला’ या हेरगिरी करणाऱ्या टोळीचे. अमेरिकी सरकार तिचा संबंध रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेशी जोडतं.

संगणकात शिरणं हे निम्मंच काम. शिरलेल्या मालवेअरला पुढचे हुकूम मिळायला हवेत आणि चोरलेला माल बाहेर पोचायला हवा. त्यासाठी चोराने स्वतःचा सर्व्हर उभारला, तर अनोळखी पत्त्याकडे जाणारी वाहतूक फायरवॉलला खटकते. शिवाय तो सर्व्हर बंद पाडला की मालवेअर पोरकं होतं. ईमेलचं तसं नाही. कार्यालय एकवेळ यूट्यूब बंद करेल, टपाल कसं बंद करणार?

ईसेट या स्लोव्हाक अँटिव्हायरस कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये टुर्लाच्या या मालवेअरची चिरफाड प्रसिद्ध केली. ते आउटलुकच्या आतच मुक्काम ठोकायचं आणि येणाऱ्या प्रत्येक ईमेलची जोडपत्रं चाळायचं. एखाद्या पीडीएफमध्ये दडवलेला हुकूम सापडला, की तो निमूटपणे पाळायचा: अमुक फाइल पाठव, तमुक प्रोग्रॅम चालव. चोरीचा मालही पीडीएफमध्येच भरून जायचा. हुकूम कोणत्याही पत्त्यावरून आला तरी चालत असे, त्यामुळे चोरांचा एखादा पत्ता अडवून काहीच साधणार नव्हतं. हुकमाचं ईमेल इनबॉक्समध्ये दिसत नसे. न वाचलेल्या ईमेलचा आकडा मात्र काही क्षण वाढलेला दिसू शकायचा, पण तेवढ्यावरून कोण तक्रार करणार!

पुढच्याच वर्षी त्याच टोळीचं ‘लाइटन्यूरॉन’ उघडकीला आलं. ते एका माणसाच्या आउटलुकमध्ये घुटमळत बसलं नाही. संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्येच जाऊन बसलं. एक्स्चेंजमध्ये ‘ट्रान्सपोर्ट एजंट’ म्हणून सोय असते. येणारं-जाणारं प्रत्येक ईमेल या एजंटांच्या हातून जातं. स्पॅम गाळायला तिचा उपयोग होतो. लाइटन्यूरॉनने स्वतःची नोंद असाच एक एजंट म्हणून करून घेतली. मग ईमेल वाचणं, बदलणं, अडवणं, दुसऱ्याच्या नावाने नवं पाठवणं, सगळंच हातात आलं. हुकूम यायचे पीडीएफमध्ये किंवा जेपीजी चित्रांत दडून. हा प्रकार निदान २०१४ पासून चालू होता.

आयमॅप या प्रोटोकॉलचा गैरवापर आणखी बेरकी आहे. आयमॅपमध्ये ईमेल सर्व्हरवरच राहतं, म्हणून फोनवर अर्धवट लिहिलेला मसुदा लॅपटॉपवरही दिसतो. मालवेअर आणि त्याचा धनी एकाच खात्यात शिरले, तर एकाने ड्राफ्टमध्ये लिहायचं आणि दुसऱ्याने वाचायचं. ईमेल पाठवायची गरजच नाही. युक्ती माणसांचीच: सीआयएचे संचालक डेव्हिड पेट्रेअस यांना २०१२ मध्ये पद सोडावं लागलं, त्या प्रकरणातही अशा सामायिक ड्राफ्टची चर्चा झाली होती. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनच्या सर्ट-यूए या सायबर सुरक्षा पथकाने ‘ओशनमॅप’ नावाचं मालवेअर जाहीर केलं. ते आयमॅपनेच मेलबॉक्सशी जोडलं जायचं आणि ड्राफ्टमधले सांकेतिक हुकूम उचलायचं.

सगळेच चोर इतकी मेहनत घेत नाहीत. ‘एजंट टेस्ला’ हे बाजारू मालवेअर चोरलेले पासवर्ड एसएमटीपी या ईमेल पाठवण्याच्या प्रोटोकॉलने सरळ चोराच्या मेलबॉक्सला पाठवतं. त्यासाठी त्या मेल खात्याचा पासवर्ड स्वतःच्या पोटात घेऊन हिंडावं लागतं आणि मालवेअर तपासणाऱ्यांना तो तिथेच सापडतो. चोरावर मोर!

मग पकडायचं कसं? मजकूर चाळून फारसं काही हाती लागत नाही, कारण तो कूटबद्ध असतो आणि सर्व्हरही जीमेलसारखा विश्वासातला असू शकतो. पण बोलतंय कोण, हे पाहता येतं. एसएमटीपीच्या ५८७ किंवा आयमॅपच्या ९९३ या पोर्टवर मेल प्रोग्रॅमने बोलावं, यात नवल नाही. जिथे सगळे ब्राउझरमध्येच मेल पाहतात, तिथे भलत्याच प्रोग्रॅमने ९९३ वर जोडणी केली की संशयाला जागा मिळते. एक्स्चेंज चालवणाऱ्यांनी ट्रान्सपोर्ट एजंटांची यादी अधूनमधून तपासावी आणि अनोळखी नावाची चौकशी करावी. मात्र लाइटन्यूरॉन सापडलं म्हणून त्याच्या फाइली घाईने उडवायच्या नाहीत. आधी तो एजंट निष्क्रिय करावा लागतो. नाहीतर एक्स्चेंजच कोलमडतं आणि सगळ्या संस्थेचं टपाल ठप्प होतं.