सत्काराच्या आधी मार्गदर्शन हवे: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी विहारात काय करता येईल?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये गुणवंतांच्या सत्काराचे फलक झळकतात. जुलैमध्ये कार्यक्रम होतो. ट्रॉफी, वह्या, पाहुण्यांचे भाषण. हे व्हायलाच हवे. पण तोपर्यंत अकरावीचे अर्ज भरून झालेले असतात, आयटीआय आणि पॉलिटेक्निकची प्रवेश प्रक्रियाही बरीच पुढे गेलेली असते. मुलाला ज्या वेळी कुणीतरी जाणते माणूस हवे होते, ती वेळ निघून गेलेली असते.

मी यातूनच गेले आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेले कोणी नव्हते. बरे गुण पडले म्हणून सायन्स घेतले आणि बारावीला गणितात नापास झाले. नंतर आर्ट्सला जाऊन समाजशास्त्रात एम.ए. केले. माझे एक वर्ष गेले. सोबतच्या दोन मैत्रिणींचे शिक्षणच सुटले. बुद्धी कमी नव्हती, सांगणारे कोणी नव्हते.

केळुस्कर गुरुजी सत्कारावर थांबले नाहीत

१९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचाही सत्कार झाला होता. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. पण पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. कॉलेजच्या खर्चासाठी रामजीबाबांकडे पैसे उरले नाहीत, तेव्हा याच गुरुजींनी या विद्यार्थ्याला सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. योजना कुठे आहे, कोणाला भेटायचे, हे माहीत असलेला माणूस पाठीशी उभा राहिला. करिअर मार्गदर्शन म्हणजे हेच.

आधी कागद, मग शाखा

आपल्या मुलांची संधी अनेकदा गुणांमुळे नाही, कागदांमुळे जाते. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना आणि नवबौद्धांना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. धम्मदीक्षा १९५६ची. म्हणजे पुरावा धर्मांतराच्या आधीचा हवा. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते ‘बौद्ध’ असेल, तर मूळ जात दाखवायला आजोबा-पणजोबांपर्यंत जावे लागते: त्यांच्या शाळेतील प्रवेश नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली कागद. हे गावाकडे जाऊन शोधायला कधी कधी महिने लागतात. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत ते जमत नाही.

अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा पदवी अभ्यासक्रमांच्या राखीव जागांसाठी पुढे जात वैधता प्रमाणपत्रही लागते. वडील, काका, आत्या यांपैकी कोणाकडे ते असेल, तर त्याची प्रत आजच मागून ठेवा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते नसेल, तर शिष्यवृत्ती अडकते.

योजनाही वेळेत माहीत हव्यात:

- आठवीत: एनएमएमएस परीक्षा. सरकारी आणि अनुदानित शाळांतील आर्थिक दुर्बल घटकातील मुलांसाठी. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये.
- दहावीनंतर: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. उत्पन्न मर्यादा २.५ लाख रुपये, अर्ज महाडीबीटीवर.
- बाहेरगावी शिकताना: आधी समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज. तिथे जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. गुणांची अटही आहे.

शाखा निवडताना कोणता प्रश्न विचारायचा?

‘किती टक्के पडले?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘या वाटेने गेल्यावर पुढे कोणती दारे उघडतात आणि कोणती बंद होतात?’ हे मुलाला आणि पालकांना समजायला हवे.

सायन्स घेतले तरी नंतर कला किंवा कायद्याकडे जाता येते. आर्ट्सनंतर थेट नीट किंवा जेईईकडे वळता येत नाही. पण म्हणून गणिताची भीती असलेल्या मुलाला सायन्समध्ये ढकलायचे नाही. आर्ट्सच्या मुलाला बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, समाजकार्य, पत्रकारिता आणि पदवीनंतर स्पर्धा परीक्षा खुल्या असतात. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केला, तर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची संधी मिळते. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाकडे जाता येते.

अकरावीच्या ऑनलाइन अर्जातही एक अट अनेकांना नडते. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की तिथे प्रवेश घ्यावा लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून बसभाडे परवडेल का, अनुदानित तुकडी आहे का, हे पाहूनच पहिला क्रमांक भरायचा.

वर्षावासातला एक तास

आषाढी पौर्णिमा ते अश्विनी पौर्णिमा आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतो. पालक येतात, मुलेही येतात. त्यातल्या दर रविवारचा एक तास या कामाला देता येईल.

1. वस्तीतील आठवी ते दहावीच्या मुलांची यादी करा. प्रत्येकासमोर कागदांचे रकाने आखा: जातीचा दाखला, उत्पन्न, बँक खाते, वैधता.
2. नोकरी-व्यवसायातील किंवा कॉलेजात शिकणाऱ्या एका कार्यकर्त्याकडे पाच मुले सोपवा. भाषण नको, वर्षभर फोन उचलणारा माणूस हवा.
3. इलेक्ट्रिशियन, परिचारिका, वकील, तलाठी अशा आपल्याच माणसांना बोलवा. पगार किती, शिकायला खर्च किती, अडचण कुठे आली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे.
4. मुलींच्या पालकांशी वेगळे बोला. ‘लांब आहे’ एवढ्या कारणावर जिथे शिक्षण थांबते, तिथे वसतिगृहाचा अर्ज हातात द्या.

सत्कार समारंभ जरूर करा. पण पुढच्या वर्षी व्यासपीठावर येणाऱ्या मुलाचे नाव आणि त्याच्या दाखल्याची स्थिती आपल्याला आजच माहीत हवी. तसेच निकालात काठावर पास झालेल्या किंवा नापास झालेल्या मुलाच्या घरीही कोणीतरी गेले पाहिजे. आपली सर्वात जास्त गरज त्याला असते.

जय भीम!