उसाचे वाढे

उसाचे वाढे म्हणजे तोडणीच्या वेळी उसापासून वेगळा केला जाणारा पानांसह हिरवा शेंडा. शेंड्यात साखर कमी असल्याने तो गाळपासाठी पाठवला जात नाही. मात्र जनावरांसाठी पर्यायी चारा म्हणून त्याचा मोठा उपयोग होतो. वाळलेल्या पानांना पाचट म्हणतात. ते वाढ्यापेक्षा वेगळे असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वापर

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरा आणि मुळा नद्यांच्या लाभक्षेत्रात ऊस हे प्रमुख पीक आहे. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाले. उसाबरोबर जिल्ह्यात दुग्धव्यवसायही वाढला. गाळप हंगामात, म्हणजे साधारणपणे दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, वाढे मुबलक मिळते. ऊसतोडणी मजूर ते आपल्या बैलांना घालतात आणि उरलेल्या पेंढ्या पशुपालकांना विकतात. त्यामुळे वाढे हे मजुरांच्या पूरक उत्पन्नाचेही साधन आहे. पर्जन्यछायेतील तालुक्यांत टंचाईच्या काळात त्याची मागणी वाढते.

पोषणमूल्य आणि मर्यादा

वाढ्यात तंतुमय घटक भरपूर, परंतु प्रथिने कमी असतात. त्यातील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियमशी संयोग पावून न विरघळणारे क्षार बनवते. परिणामी खाद्यातील कॅल्शियम जनावराला पुरेसे मिळत नाही. दुधावाटेही कॅल्शियम बाहेर पडत असल्याने दुभत्या जनावरांना केवळ वाढ्यावर ठेवल्यास हाडे कमकुवत होणे, दूध घटणे असे परिणाम संभवतात. प्रौढ रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू काही प्रमाणात ऑक्झलेटचे विघटन करतात. लहान वासरांचे पहिले पोट पूर्ण विकसित नसल्याने वाढे हा त्यांचा मुख्य आहार ठरू शकत नाही. डुकरांसारख्या एकपोटी प्राण्यांनाही इतका तंतुमय चारा नीट पचत नाही.

वापराची पद्धत

वाढे कडबाकुट्टी यंत्राने बारीक करून इतर चाऱ्यात मिसळतात. प्रमाण हळूहळू वाढवल्यास पोटातील जिवाणूंना जुळवून घेण्यास अवधी मिळतो. प्रथिनांसाठी लसूणघास किंवा पेंड, तर कॅल्शियमसाठी खनिज मिश्रण दिले जाते. चाऱ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचीही पद्धत आहे. हंगामातील जादा वाढ्याचे हवाबंद खड्ड्यात वा पिशवीत मुरघास केल्यास उन्हाळ्यातील चाराटंचाईत ते उपयोगी पडते.