जबडा मिटेपर्यंत थांबा

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने महाबलीपुरमला जाताना वाटेत मद्रास क्रोकोडाइल बँक लागते. रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली मगरींच्या जतनासाठी ती सुरू केली. तिथे देशी मगरींबरोबर परदेशी जातीही पाहायला मिळतात. कुंपणापाशी उभं राहिलं की दर दोन मिनिटांनी कानावर पडतं, "हा अ‍ॅलिगेटर बरं का!" बहुतेक वेळा समोर आपली साधी मगर असते.

नातीगोती

या प्राण्यांची आज तीन कुळं मानतात: मगर, अ‍ॅलिगेटर आणि घडियाल. केमनचं वेगळं कूळ नाही, तो अ‍ॅलिगेटरच्याच घरातला. अ‍ॅलिगेटरच्या दोनच जाती आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागात, दुसरी चीनमध्ये यांगत्सेच्या खोऱ्यात, आणि ही दुसरी रानातून जवळजवळ नाहीशी झाली आहे. केमन मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. भारतातल्या नद्यांत यांपैकी कोणीच नाही. सांगलीजवळ कृष्णेत किंवा चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसते ती मगरच. तेव्हा ओळखण्याची अडचण येते ती प्राणिसंग्रहालयातच.

नाकाडाचा नियम

अ‍ॅलिगेटरचा जबडा रुंद आणि टोकाला गोलसर, मगरीचा निमुळता, असं शाळेपासून सांगतात. अमेरिकेत हा नियम बरा चालतो. आपल्याकडे मात्र तो पहिल्याच तळ्यावर कोसळतो, कारण भारतीय मगरीचं तोंड तिच्या जवळच्या भाऊबंदांत सर्वांत रुंद असतं. अनोळखी माणसाने तिला अ‍ॅलिगेटर म्हटलं तर त्याचा दोष नाही. भरीला, बंदिस्त जागेत वाढलेल्या प्राण्यांची तोंडं रानातल्यांपेक्षा रुंद होतात. म्हणून नाकाड पाहावं, पण निकाल त्यावर देऊ नये.

चौथा दात

निकाल द्यावा दातांवर. खालच्या जबड्यात पुढून चौथा दात मोठा असतो. मगरीच्या वरच्या जबड्याला त्या ठिकाणी बाहेरून खाच असते. तोंड मिटलं तरी हा दात त्या खाचेत उभा दिसतो. अ‍ॅलिगेटर आणि केमन यांचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्याने खालचे दात आतल्या खळग्यांत जातात आणि बाहेर दिसतात ते फक्त वरचे.

अडचण एवढीच की उन्हात पडलेली मगर तासन् तास तोंड उघडं ठेवते. अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची ती रीत आहे, चिडण्याचा काही संबंध नाही. अशा वेळी थांबायचं. खडे मारून तिला हलवू पाहणाऱ्यांना तिथून हलवलं पाहिजे.

केमन कसा ओळखावा

दातांवरून अ‍ॅलिगेटर आणि केमन वेगळे काढता येत नाहीत. सर्वाधिक दिसणाऱ्या जातीच्या केमनला दोन डोळ्यांच्या मध्ये हाडाची आडवी कड असते, चष्म्याच्या दांडीसारखी. तेवढी सापडली की काम झालं. बहुतेक केमन अंगानेही लहान. अपवाद अ‍ॅमेझॉनच्या काळ्या केमनचा, तो चार मीटरच्या पुढे जातो. केमनच्या पोटाच्या खवल्यांतही हाडाच्या चकत्या असतात. त्यामुळे त्याचं कातडं ताठ राहतं आणि चामड्याच्या व्यापारात त्याला कमी भाव येतो.

ठिपके आणि मीठ

मगरीच्या जवळजवळ प्रत्येक खवल्यावर सुईच्या टोकाएवढा ठिपका असतो. पाण्यातली हालचाल टिपणारं ते इंद्रिय. अ‍ॅलिगेटर-केमनना असे ठिपके फक्त जबड्याभोवती असतात. कुंपणाबाहेरून हे दिसणं कठीण, पण मगरीच्या कातड्याची पर्स ओळखायला ही खूण उपयोगी पडते.

मगरीच्या जिभेवर जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्या जोरावर खाऱ्या पाण्यातली मगर समुद्र ओलांडते. अ‍ॅलिगेटरची गोड्या पाण्यावर भिस्त, मात्र थंडी तो मगरीपेक्षा पुष्कळ जास्त सोसतो. तळं गोठलं तर नाकपुड्या बर्फाबाहेर ठेवून पडून राहतो. हे दोघे रानात शेजारी नांदतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात.

घडियाल

याच्या तळ्यापाशी यातलं काहीच लागत नाही. लांब, अरुंद तोंड आणि शंभराहून अधिक बारीक दात. मासे पकडायला अगदी बेतशीर. वयात आलेल्या नराच्या नाकाच्या टोकावर गोल उंचवटा येतो. तो दिसला नाही, तर समोर मादी आहे किंवा अजून वयात न आलेला नर.